उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं! मेसेज क्यूवरचा क्लायंट कसा चालतो?

दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवर ‘प्रोसेसिंग’चं चक्र फिरायला लागलं. दहा सेकंद गेले, वीस गेले. मागे गर्दी वाढतेय, साउंडबॉक्स गप्प आहे आणि दुकानदार विचारतोय, "आले नाहीत अजून." अशा वेळी बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट येते : परत एकदा पाठवून बघावं का?

अ‍ॅपच्या मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही अगदी हाच पेच पडतो. फरक इतकाच, की त्याने काय करायचं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच ठरवून ठेवावं लागतं. ते नीट ठरवलं नसेल तर एकाच खरेदीचे पैसे दोनदा जाऊ शकतात, एकाच सीटची दोन तिकिटं निघू शकतात किंवा एकाचं उत्तर दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसू शकतं.

मोठ्या यंत्रणांमध्ये असे प्रश्न आणि उत्तरं बऱ्याचदा ‘मेसेज क्यू’मधून जातात. ही क्यू काय असते, तिच्यातून प्रश्न पाठवणारा ‘क्लायंट’ कसा लिहितात आणि उत्तर वेळेत आलं नाही तर त्याने काय करायचं असतं, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

मेसेज क्यू म्हणजे काय?

दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला फोनसारखा. एकाने फोन लावायचा, दुसऱ्याने उचलायचा. दोघंही त्याच वेळी हजर पाहिजेत. समोरचा बिझी असेल किंवा त्याचा फोन बंद असेल, तर बोलणंच होत नाही.

दुसरा प्रकार टपालासारखा. पत्र पेटीत टाकायचं आणि आपल्या कामाला लागायचं. घेणारा त्याच्या सवडीने पत्र उघडतो. मेसेज क्यू म्हणजे ही पेटी. मधे बसून पत्रं घेणारा, सांभाळणारा आणि वाटणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ‘ब्रोकर’ म्हणतात. प्रश्न पाठवतो तो क्लायंट आणि क्यूमधून प्रश्न उचलून काम करतो तो सर्व्हर किंवा ‘वर्कर’.

याचा फायदा गर्दीच्या वेळी कळतो. एकाच मिनिटात लाखभर विनंत्या आल्या तर फोनवाली पद्धत कोलमडते. क्यूमध्ये मात्र त्या रांगेत उभ्या राहतात. काम हळू होतं, पण विनंती हरवत नाही. एक वर्कर पुरत नसेल तर त्याच क्यूवर आणखी दहा लावता येतात आणि क्लायंटमध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. एखादा वर्कर दुरुस्तीसाठी बंद केला तरी रांग तशीच थांबून राहते.

ही कल्पना आली कुठून?

या तंत्राचा मोठा भाग शेअर बाजार आणि बँकांच्या गरजेतून घडला. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने १९८० च्या दशकात ‘द इन्फर्मेशन बस’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. वॉल स्ट्रीटवरच्या ट्रेडिंग रूममध्ये बाजारभाव वेगवेगळ्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवायला ते वापरलं गेलं. हेच रणदिवे पुढे टिबको कंपनीचे संस्थापक आणि सॅक्रामेंटो किंग्ज या अमेरिकन बास्केटबॉल संघाचे मालक म्हणून ओळखले गेले.

१९९३ साली आयबीएमने ‘एमक्यू सिरीज’ आणलं. आज ते ‘आयबीएम एमक्यू’ या नावाने चालतं आणि अनेक बँकांमध्ये वापरलं जातं. पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाचा क्लायंट दुसऱ्याच्या क्यूशी बोलू शकत नव्हता. यावर उपाय म्हणून २००३ साली जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओहारा यांनी सगळ्यांना वापरता येईल अशा खुल्या नियमावलीचं काम सुरू केलं. तिचं नाव एएमक्यूपी. या नियमावलीवर चालणारा ‘रॅबिटएमक्यू’ हा ब्रोकर २००७ मध्ये आला. तो मोफत मिळतो आणि टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या अर्लांग भाषेत लिहिलेला आहे. पुढची उदाहरणं याच रॅबिटएमक्यूची आहेत.

क्यू एकेरी आहे, मग उत्तर परत कसं येतं?

खरी गंमत इथे आहे. क्यू एकाच दिशेने चालते. पत्र पेटीत पडलं की ते कोणता वर्कर उचलेल हे क्लायंटला माहीत नसतं आणि पत्र कोणी टाकलं हे वर्करला माहीत नसतं. मग उत्तर योग्य माणसाकडे जाणार कसं?

सरकारी कार्यालयात अर्ज दिलेल्यांना याचं उत्तर चटकन समजेल. अर्जासोबत आपण स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडतो. अर्जावर आवक क्रमांक पडतो आणि पुढे आलेल्या प्रत्येक उत्तरात ‘संदर्भ’ म्हणून तोच क्रमांक लिहिलेला असतो. क्यूमध्येही नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे उत्तराचा पत्ता. याला ‘रिप्लाय टू’ म्हणतात. उत्तर कोणत्या क्यूमध्ये टाकायचं त्या क्यूचं नाव यात असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे संदर्भ क्रमांक. याला ‘कोरिलेशन आयडी’ म्हणतात. हा क्रमांक क्लायंट स्वतः बनवतो आणि वर्कर तो जसाच्या तसा उत्तरावर लिहून परत पाठवतो.

एका क्लायंटने एकाच वेळी पन्नास प्रश्न पाठवलेले असतात. उत्तरं मात्र पाठवलेल्या क्रमाने येतीलच असं नाही. सोपा प्रश्न नंतर जाऊनही आधी सुटतो. त्यामुळे ‘पहिलं उत्तर पहिल्या प्रश्नाचं’ असं गृहीत धरणारा क्लायंट चाचणीत बरोबर चालतो आणि गर्दी झाली की एकाचा बॅलन्स दुसऱ्याला दाखवतो. संदर्भ क्रमांक तपासणं हाच यावरचा उपाय.

क्लायंट लिहिताना काय काय करावं लागतं?

भाषा पायथॉन असो, जावा असो किंवा आणखी कोणती, पायऱ्या साधारण याच असतात.

१. ब्रोकरशी जोडणी करायची. रॅबिटएमक्यूमध्ये ती साधारणपणे ५६७२ क्रमांकाच्या पोर्टवर होते. ही जोडणी एकदाच करून उघडी ठेवायची. प्रत्येक प्रश्नासाठी नवी जोडणी करणं म्हणजे प्रत्येक पत्रासाठी नवं पोस्ट ऑफिस बांधणं.

२. उत्तरांसाठी स्वतःची क्यू मागायची. क्यूचं नाव रिकामं ठेवलं तर ब्रोकर स्वतःच एक वेगळं नाव बनवून देतो. ही क्यू फक्त त्या जोडणीपुरती ठेवता येते. जोडणी तुटली की क्यूही जाते.

३. प्रश्न पाठवण्याआधीच त्या क्यूवर कान लावून बसायचं. आधी प्रश्न पाठवला आणि मग ऐकायची तयारी केली तर ते चाचणीत खपून जाईल, पण पत्ता तयार नसताना पत्र टाकण्याची सवय कधीतरी महागात पडते.

४. प्रत्येक प्रश्नासाठी नवा, पुन्हा कधीच न येणारा संदर्भ क्रमांक बनवायचा. १, २, ३ असे आकडे धोक्याचे. प्रोग्रॅम बंद पडून परत सुरू झाला की मोजणी पुन्हा १ पासून होते आणि जुनं उत्तर नव्या प्रश्नाला चिकटू शकतं. म्हणून ‘यूयूआयडी’ नावाचा १२८ बिटांचा लांबलचक क्रमांक वापरतात.

५. हा क्रमांक आपल्या वहीत, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या यादीत लिहायचा. कोणत्या क्रमांकाच्या उत्तराची कोण वाट बघतंय, एवढी नोंद पुरते. ही नोंद आधी आणि पाठवणं नंतर. उलट केलं तर उत्तर नोंदीच्या आधी येऊन धडकण्याची शक्यता असते.

६. आता प्रश्न पाठवायचा. सोबत उत्तराचा पत्ता, संदर्भ क्रमांक आणि मुदत. तीस सेकंदांनी उत्तराचा उपयोगच उरणार नसेल तर मेसेजवर तीस सेकंदांची मुदत टाकता येते. ती उलटली की ब्रोकर तो मेसेज वर्करला देत नाही. वाट बघून कंटाळून निघून गेलेल्या गिऱ्हाइकासाठी मग कोणी राबत बसत नाही.

७. उत्तर आलं की संदर्भ क्रमांक वहीत शोधायचा. सापडला तर उत्तर त्या वाट बघणाऱ्याला द्यायचं आणि नोंद खोडायची. सापडला नाही तर ते उशिरा आलेलं किंवा दुसऱ्यांदा आलेलं उत्तर आहे. त्याची नोंद लॉगमध्ये करून ते बाजूला टाकायचं, प्रोग्रॅम बंद पडू द्यायचा नाही.

८. वाट बघण्याला मर्यादा घालायची. हाच तो टाइमआउट. मर्यादा नसेल तर एका हरवलेल्या उत्तरासाठी प्रोग्रॅम जन्मभर थांबतो. अशा थांबलेल्या विनंत्या साठत गेल्या की शेवटी सगळी यंत्रणाच अडकते.

रॅबिटएमक्यूमध्ये दुसऱ्या पायरीला एक सोपा पर्यायही आहे. त्याला ‘डायरेक्ट रिप्लाय टू’ म्हणतात. यात उत्तरांची वेगळी क्यू बनवावीच लागत नाही, ब्रोकर उत्तर थेट क्लायंटच्या हातात देतो. मात्र जोडणी तुटली असेल तर ते उत्तर कुठेही जपून ठेवलं जात नाही.

पोच वेगळी, उत्तर वेगळं

नव्याने शिकणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ब्रोकर क्लायंटला सांगू शकतो की ‘तुझा मेसेज मला मिळाला, मी सांभाळतोय’. ही झाली पोच. तहसील कार्यालयात अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून मिळतो, तसाच हा प्रकार. शिक्का मिळाला म्हणजे दाखला मिळाला असं कोणी म्हणत नाही. तसंच ब्रोकरची पोच आली म्हणजे काम झालं असं नाही. काम झालं की नाही हे फक्त वर्करचं उत्तर सांगू शकतं.

वर्करच्या बाजूनेही एक पोच असते. मेसेज उचलून काम संपवलं की तो ब्रोकरला कळवतो आणि मगच ब्रोकर तो मेसेज क्यूमधून काढून टाकतो. वर्कर मधेच बंद पडला आणि त्याने काही कळवलंच नाही, तर ब्रोकर तोच मेसेज दुसऱ्या वर्करला देतो. यामुळे काम हरवत नाही. पण पहिल्या वर्करने काम पूर्ण केलं आणि कळवण्याच्या आतच तो बंद पडला तर? दुसरा वर्कर तेच काम पुन्हा करेल. म्हणजे क्लायंटने एकदाच पाठवलेला प्रश्नही दोनदा अमलात येऊ शकतो.

टाइमआउट झाला. आता पुढे काय?

क्लायंटने तीस सेकंद वाट बघितली, उत्तर नाही. आत काय झालं असेल? शक्यता तीन.

एक, प्रश्न वर्करपर्यंत पोचलाच नाही. दोन, प्रश्न अजून रांगेत आहे किंवा काम चालू आहे. तीन, काम झालं, पण उत्तर वाटेत हरवलं किंवा उशीर झाला.

क्लायंटच्या जागी बसून बघितलं तर तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, कारण तिन्हींत समोर फक्त शांतता आहे. म्हणून टाइमआउटचा अर्थ ‘काम फसलं’ असा कधीच होत नाही. त्याचा अर्थ ‘काय झालं ते माहीत नाही’ एवढाच. स्क्रीनवर ‘अयशस्वी’ लिहायचं की ‘प्रलंबित’, हा शब्दांचा कीस नाही. ‘अयशस्वी’ वाचून माणूस परत पैसे पाठवतो, ‘प्रलंबित’ वाचून थांबतो.

नुसती माहिती विचारायची असेल, म्हणजे बॅलन्स किती किंवा गाडी कुठे आली, तर प्रश्न बिनधास्त परत पाठवता येतो. दोनदा विचारल्याने बॅलन्स बदलत नाही. पण पैसे वळते करायचे असतील, सीट बुक करायची असेल तर परत पाठवण्यासाठी आधी तयारी लागते.

ती तयारी म्हणजे कामाचा स्वतःचा क्रमांक. संदर्भ क्रमांक एका प्रश्नाला त्याच्या उत्तराशी जोडतो. कामाचा क्रमांक मात्र ‘हे पाचशे रुपये, या खरेदीचे’ अशी त्या व्यवहाराचीच ओळख असतो. प्रश्न तीनदा पाठवला तरी कामाचा क्रमांक तोच ठेवायचा. वर्करने काम करण्याआधी बघायचं, हा क्रमांक आधी झालाय का? झाला असेल तर पुन्हा पैसे न कापता जुनंच उत्तर परत द्यायचं. असं काम कितीही वेळा सांगितलं तरी परिणाम एकदाच होतो. वर सांगितलेली दोन वर्करची अडचणही यानेच सुटते.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. क्लायंटची वही मेमरीत असते. वीज गेली, फोन बंद पडला की ती कोरी. म्हणून पैशाच्या कामात प्रश्न पाठवण्याआधीच कामाचा क्रमांक डेटाबेसमध्ये ‘प्रलंबित’ म्हणून लिहून ठेवतात. प्रोग्रॅम परत सुरू झाला की तो आधी ही यादी काढतो आणि प्रत्येकाची स्थिती विचारतो.

यूपीआयमध्ये हेच दिसतं

११ एप्रिल २०१६ रोजी तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली. यूपीआयच्या तांत्रिक नियमावलीतही पोच आणि उत्तर वेगवेगळं ठेवलेलं आहे. पैसे पाठवायची विनंती गेली की लगेच फक्त पोच येते, खरं उत्तर नंतर वेगळा मेसेज म्हणून येतं. कोणत्या विनंतीचं उत्तर आहे हे कळावं म्हणून त्यात मूळ विनंतीचा क्रमांक असतो. शिवाय व्यवहाराला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि ‘या व्यवहाराचं काय झालं’ एवढंच विचारणारी स्वतंत्र विनंतीही आहे. उत्तर अडकलं तर नवा व्यवहार करण्याऐवजी जुन्याचीच स्थिती विचारायची, ही सोय त्यासाठीच.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ग्राहकाने अ‍ॅपमध्ये जाऊन पुन्हा रक्कम टाकली, पुन्हा पिन टाकला, तर तो यंत्रणेच्या दृष्टीने नवा व्यवहार असतो, नव्या क्रमांकाचा. तिथे जुना क्रमांक तुम्हाला वाचवू शकत नाही. म्हणून ‘पेंडिंग’ दिसलं की आधी अ‍ॅपच्या हिस्टरीत जाऊन त्याच व्यवहाराची स्थिती बघायची आणि त्याचा क्रमांक जपून ठेवायचा. तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो.

अडकलेल्या पैशांसाठी नियमही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची खात्री त्याच्यापर्यंत पोचली नसेल तर ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

मग प्रत्येक ठिकाणी क्यू वापरावी का?

नाही. समोरचा सर्व्हर नेहमी हजर असेल, उत्तर काही मिलिसेकंदांत येणार असेल आणि गर्दी बेताची असेल तर फोनवाली साधी पद्धतच बरी. क्यू आली की ब्रोकर सांभाळावा लागतो, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं आणि चूक शोधताना एकाऐवजी तीन ठिकाणी बघावं लागतं. काम वेळखाऊ असेल, वर्कर अनेक असतील, विनंती हरवून चालणार नसेल, तर मात्र हा खटाटोप वसूल होतो.

पद्धत कोणतीही घेतली तरी टाइमआउटनंतरचा पेच सुटत नाही. फोनवर बोलता बोलता लाइन कट झाली, तरी समोरच्याने शेवटचं वाक्य ऐकलं की नाही हे कळत नाहीच. त्यामुळे चांगला क्लायंट कोणता, हे उत्तर आल्यावर तो काय करतो त्यावरून ठरत नाही. उत्तर आलं नाही तर तो घाईने दुसरा व्यवहार करतो, की आधी जुन्या क्रमांकाची चौकशी करतो, यावरून ठरतं.